घरातल्या नेटवर्कसाठी वायरचा राउटर: निवड, मांडणी आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वायरचा राउटर घ्यावा का, कोणता घ्यावा आणि घेतल्यावर तो कसा लावावा, याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत. पुढचे प्रश्न बहुतेक सगळे सुरळीत चालले असताना एखादीच गोष्ट अडते तेव्हा पडणारे आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर तो पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वायरचा राउटर म्हणजे नेमके काय? तो लावला तर घरातले वाय-फाय बंद होईल का?

बंद होणार नाही. राउटरचे काम दोन नेटवर्कांच्या सीमेवर उभे राहण्याचे आहे. एका बाजूला इंटरनेट कंपनीची लाइन असते, दुसऱ्या बाजूला घरातली उपकरणे असतात. घरातल्या प्रत्येक उपकरणाला पत्ता देणे, त्या सर्वांना बाहेरचा एकच पत्ता मिळून वापरू देणे आणि कोणी न मागता बाहेरून येणारी पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) अडवणे, ही कामे तो करतो. वाय-फाय ही रेडिओची सोय आहे. ती बहुतेक घरगुती उपकरणांत राउटरच्याच पेटीत बसवलेली असते, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच वाटतात. वायरच्या राउटरमध्ये रेडिओ नसतो. त्याच्या एखाद्या पोर्टला ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारी वेगळी पेटी) जोडला की फोन आणि लॅपटॉप पूर्वीसारखेच चालतात.

२. दोन्ही कामे एका पेटीत मिळत असताना वेगळा राउटर कशासाठी घ्यायचा?

मुख्य कारण जागेचे आहे. लाइन घरात शिरते ती बहुधा एखाद्या कोपऱ्यात, दाराशेजारी किंवा कपाटाच्या मागे, आणि राउटर तिथेच असणे सोयीचे असते. वाय-फायचा रेडिओ मात्र घराच्या मध्यावर, उंचावर आणि मोकळ्या जागी हवा. एकच पेटी असली की यांपैकी एका गोष्टीवर पाणी सोडावे लागते. दुसरे कारण आयुष्याचे आहे. वाय-फायची नवी पिढी दर काही वर्षांनी येते, तर पॅकेट इकडून तिकडे पाठवण्याचे मूळ काम फारसे बदलत नाही. दोन्ही वेगळे असले की जुने झालेले तेवढेच बदलता येते.

तरीही दोन खोल्यांचे घर, मोजकी उपकरणे आणि साधा वापर असेल तर एकत्रित पेटीच योग्य आहे. ज्यांना घरभर केबल टाकता येते, घरून काम करताना लाइनवर अवलंबून राहावे लागते किंवा कॅमेरे, सर्व्हर अशा गोष्टी सांभाळायच्या असतात, त्यांच्यासाठी वेगळ्या राउटरचा खटाटोप सार्थकी लागतो.

३. मोडेम, ओएनटी, राउटर, स्विच आणि ॲक्सेस पॉइंट यांत फरक काय?

मोडेम किंवा ओएनटी बाहेरच्या लाइनवरचा संकेत इथरनेटमध्ये, म्हणजे घरातल्या केबलवरच्या संकेतात, बदलतो; फायबरच्या टोकाला असतो तो ओएनटी. राउटर घर आणि बाहेर यांच्यामधले व्यवहार पाहतो. स्विच घरातल्या घरात पोर्ट वाढवतो. ॲक्सेस पॉइंट वायरचे वाय-फाय करून देतो. कंपनीने दिलेल्या पेटीत यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र असू शकतात आणि अनेक अडचणींचे मूळ तिथेच असते. त्याविषयी प्रश्न ९ पाहावा.

४. राउटर किती वेगाचा घ्यावा? खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवावा का?

खोक्यावर छापलेला मोठा आकडा बहुधा सर्वांत सोप्या परिस्थितीत मोजलेला असतो. पॅकेट पूर्ण आकाराची असतात, नियम जवळजवळ नसतात आणि पॅकेट मुख्य प्रोसेसरपर्यंत न जाता खास चिपमधूनच पुढे ढकलली जातात. प्रत्यक्षात राउटरवर ताण येतो तो पॅकेटांच्या संख्येमुळे, कारण प्रत्येक पॅकेट उघडून पाहायचे, ते कोणत्या जोडणीचे आहे ते शोधायचे, पत्ता बदलायचा आणि पुढे पाठवायचे, एवढे काम दर पॅकेटमागे असते. १ गिगाबिटच्या एका पोर्टवरून पूर्ण आकाराच्या इथरनेट फ्रेम (केबलवरून जाताना वेष्टनात गुंडाळलेली पॅकेट) सेकंदाला सुमारे ८१ हजार जाऊ शकतात. सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटच्या फ्रेम भरल्या तर हीच संख्या १४ लाख ८८ हजारांपर्यंत जाते. घरातली रहदारी या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते.

म्हणून आधी लाइनचा वेग पाहावा आणि मग कोणत्या सोयी कायम चालू ठेवायच्या आहेत ते ठरवावे. तीन सोयी प्रोसेसरला सर्वाधिक जड जातात: पीपीपीओई जोडणी (नाव आणि पासवर्ड देऊन होणारी), रांगेचे नियमन (प्रश्न १३) आणि व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा कुलूपबंद खासगी मार्ग). यांतली एखादी चालू केली की पुष्कळ राउटरांमध्ये चिपचा जलद मार्ग बंद होतो आणि सारा भार मुख्य प्रोसेसरवर येतो. या सोयी चालू असतानाचा वेग उत्पादकाने वेगळा दिला आहे का ते पाहावे. व्हीपीएन वापरायचे असेल आणि त्याचा आकडाच दिलेला नसेल, तर मी तो राउटर निवडत नाही.

आणखी एक गोष्ट: गिगाबिट पोर्टवर वेगचाचणीत सुमारे ९४० मेगाबिट दिसले तर राउटर पूर्ण क्षमतेने चालला आहे असेच समजावे, उरलेला भाग इथरनेट, आयपी आणि टीसीपी या पॅकेट पोहोचवणाऱ्या पद्धतींच्या वेष्टनात जातो. लाइन १ गिगाबिटपेक्षा वेगवान असेल तर २.५ गिगाबिटचे पोर्ट बाहेरच्या बाजूलाही हवे आणि आतल्या बाजूलाही किमान एक हवे. फक्त बाहेरचे पोर्ट वेगवान असलेला राउटर घेतला तर कोणत्याही एका संगणकापर्यंत तो वेग पोहोचत नाही.

५. राउटरला किती पोर्ट असावेत?

दोन असले तरी चालते: एक बाहेरचे, एक आतले. बाकीचे पोर्ट स्विच पुरवतो. पोर्टांची संख्या पाहून राउटर निवडण्यापेक्षा तोच विचार स्विचच्या बाबतीत करावा. ॲक्सेस पॉइंट किंवा कॅमेऱ्यांना केबलमधूनच वीज द्यायची असेल तर स्विच पीओईचा घ्यावा आणि त्याची एकूण क्षमता किती वॉट आहे तेही पाहावे. ८०२.३एएफ या मानकात पोर्टमागे १५.४ वॉट आणि ८०२.३एटीमध्ये ३० वॉट मिळतात. मात्र सर्व पोर्टांवर एकाच वेळी तेवढी वीज पुरेलच असे नसते.

६. केबल कोणती टाकावी? माझे पोर्ट गिगाबिटचे असूनही वेग १०० मेगाबिटच्या पुढे जात नाही, असे का होते?

घरासाठी कॅट ५ई पुरेशी आहे. तिच्यावरून १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत जाते आणि २०१६ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.३बीझेड मानकानुसार २.५ गिगाबिटही जाते. भिंतीत नव्याने केबल गाडायची असेल तर मी कॅट ६ किंवा कॅट ६ए सुचवतो, कारण भिंत पुन्हा फोडणे कोणालाच नको असते. १० गिगाबिटसाठी कॅट ६ची मर्यादा सुमारे ५५ मीटर आहे आणि कॅट ६एची १०० मीटर. वर्गापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे तारा शुद्ध तांब्याच्या असाव्यात. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल दिसायला सारखीच असते, पण ती ठिसूळ असते, तिचा विद्युतरोध जास्त असतो आणि पीओईसाठी ती वापरू नये.

वेग १०० वर अडकतो त्याचे कारण बहुतेक वेळा कनेक्टरमध्ये सापडते. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यांपैकी दोन जोड्या पुरतात, तर गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार सुटली तरी जोडणी तुटत नाही. ती निमूटपणे १०० वर उतरते. अशीच एक तक्रार पाहताना मी कनेक्टर उजेडाकडे धरला, तेव्हा सात तारांची टोके पारदर्शक प्लास्टिकच्या पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली आणि तपकिरी तार मात्र जेमतेम दोन मिलिमीटर मागे राहिली होती. कनेक्टर कापून नवा बसवला आणि स्विचवरचा दिवा लगेच गिगाबिटच्या रंगाचा झाला. राउटर बदलण्याचा विचार मनात येण्याआधी केबलची दोन्ही टोके अशी तपासावीत.

७. पडून असलेला जुना संगणक राउटर म्हणून वापरता येईल का?

येईल, आणि तो चांगलाही चालेल. दोन नेटवर्क पोर्ट हवीत. त्यावर ओपनडब्ल्यूआरटी, ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स यांपैकी एखादी मुक्त प्रणाली बसवता येते. जुन्या संगणकाचा प्रोसेसरही घरगुती राउटरच्या प्रोसेसरपेक्षा बहुधा बलवान असतो, त्यामुळे प्रश्न ४ मधल्या तिन्ही जड सोयी तो सहज पेलतो. विचार करायचा तो विजेचा, आवाजाचा आणि धुळीचा, कारण हे यंत्र दिवसरात्र चालणार असते. पंखा नसलेला छोटा संगणक या कामाला अधिक बरा. घरातल्या इतर कोणालाही तो बंद-चालू करता आला पाहिजे, हेही मी आग्रहाने सांगेन.

८. नवा राउटर आणला. तो कोणत्या क्रमाने लावावा?

बाहेरची लाइन जोडण्याआधी फक्त संगणक आतल्या पोर्टला जोडावा आणि राउटरचे पान उघडून प्रशासकाचा पासवर्ड बदलावा. त्यानंतर घरातला पत्त्यांचा पट्टा ठरवावा. त्याचे कारण प्रश्न १० मध्ये आहे. मग बाहेरच्या जोडणीचा प्रकार निवडावा. प्रकार तीन असतात: पत्ता आपोआप मिळणारा, नाव आणि पासवर्ड मागणारा पीपीपीओई आणि कंपनीने लेखी दिलेला स्थिर पत्ता. आता लाइन जोडावी, फर्मवेअर (राउटरमधली प्रणाली) अद्ययावत करावे, बाहेरून राउटरचे पान उघडण्याची सोय आणि यूपीएनपी (उपकरणांना बाहेरून येण्याची वाट स्वतःच उघडू देणारी सोय) बंद असल्याची खात्री करावी आणि शेवटी सर्व सेटिंगची प्रत संगणकावर उतरवून ठेवावी. ही प्रत पुष्कळजण घेत नाहीत. राउटर बिघडतो त्या दिवशी तिची किंमत कळते.

सगळे बरोबर असूनही पत्ता मिळत नसेल तर दोन शक्यता आधी पाहाव्यात. काही कंपन्या पहिल्या जोडलेल्या उपकरणाचा मॅक पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा ओळख क्रमांक) लक्षात ठेवतात. अशा वेळी मोडेम काही मिनिटे बंद ठेवून चालू करावा किंवा जुन्या राउटरचा मॅक पत्ता नव्यात लिहावा. काही कंपन्यांच्या लाइनवर व्हीलॅनचा (एकाच केबलवर वेगवेगळी नेटवर्क करण्याच्या सोयीचा) क्रमांक लागतो. तो कंपनीकडूनच विचारून घ्यावा लागतो.

९. कंपनीने दिलेल्या पेटीतही राउटर आहे. त्याच्यापुढे माझा राउटर जोडला तर काय बिघडते?

रोजच्या वापरात बहुधा काहीच बिघडत नाही. पाने उघडतात, चित्रफिती चालतात. मात्र पत्त्यांची अदलाबदल दोन वेळा होते, यालाच डबल नॅट म्हणतात. बाहेरून घरात यायचे असेल किंवा खेळांच्या जोडण्या थेट जुळवायच्या असतील तेव्हा ते आड येते. चांगला उपाय म्हणजे कंपनीच्या पेटीला ब्रिज मोडमध्ये टाकणे, म्हणजे ती केवळ मोडेमचे काम करते आणि बाहेरचा पत्ता थेट तुमच्या राउटरला मिळतो. ही सोय तुमच्यासाठी उघडी नसेल तर कंपनीला तशी विनंती करावी. तेही शक्य नसेल तर कंपनीच्या पेटीत डीएमझेड (बाहेरून येणारे सारे ज्याच्याकडे पाठवायचे ते उपकरण) म्हणून तुमच्या राउटरचा पत्ता द्यावा आणि तिचे वाय-फाय बंद करावे.

डबल नॅट राहिलाच तर दोन्ही राउटरांचे आतले पट्टे वेगळे असलेच पाहिजेत. दोन्हींकडे १९२.१६८.१ असेल तर राउटरला आत कुठले आणि बाहेर कुठले हेच ठरवता येत नाही.

१०. घरात पत्त्यांचा कोणता पट्टा ठेवावा? १९२.१६८.१ बदलायची खरेच गरज आहे का?

खासगी नेटवर्कांसाठी तीन पट्टे राखून ठेवलेले आहेत आणि १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये ते नमूद आहेत: १०.०.०.० पासून १०.२५५.२५५.२५५ पर्यंत, १७२.१६.०.० पासून १७२.३१.२५५.२५५ पर्यंत आणि १९२.१६८.०.० पासून १९२.१६८.२५५.२५५ पर्यंत. यांतला कोणताही वापरता येतो. अनेक राउटर कारखान्यातून १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ घेऊन येतात आणि अडचण त्याच कारणाने होते. प्रवासात मुक्कामाच्या ठिकाणच्या वाय-फायवरून मी घरच्या व्हीपीएनला जोडलो होतो. जोडणी झाली, पण घरच्या साठवणीतली फाइल काही उघडेना. तिथल्या नेटवर्कचा पट्टा आणि माझ्या घरचा पट्टा एकच होता, त्यामुळे माझा लॅपटॉप १९२.१६८.१.२० हा पत्ता घरी न शोधता त्या खोलीतच शोधत होता. घरी परतल्यावर पट्टा बदलला आणि नंतर ती अडचण आली नाही.

१०.७३.४२ किंवा १७२.२३.९ असा सहसा कोणाच्या डोक्यात न येणारा पट्टा निवडावा. हे पहिल्याच दिवशी करावे, कारण वीस-पंचवीस उपकरणे जोडून झाल्यावर हाच बदल संध्याकाळभर पुरतो.

११. प्रिंटरचा पत्ता सारखा बदलतो. तो पक्का कसा करावा?

प्रिंटरमध्ये पत्ता हाताने न लिहिता राउटरच्या डीएचसीपीमध्ये (पत्ते वाटणाऱ्या सोयीत) त्याच्या मॅक पत्त्यासाठी आरक्षण करावे. सगळे पत्ते एकाच ठिकाणी दिसतात आणि पुढे पट्टा बदलला तरी प्रिंटरच्या छोट्या पडद्याशी झटापट करावी लागत नाही. फोनच्या बाबतीत एक पथ्य आहे: अलीकडचे फोन प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, कृत्रिम मॅक पत्ता वापरतात. आरक्षण टिकायचे असेल तर घरच्या नेटवर्कपुरती ती सोय फोनमध्ये बंद करावी.

१२. डीएनएस कोणता ठेवावा? दोन रकाने असतात, दुसऱ्यात काय भरावे?

डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी सेवा. कंपनीचा डीएनएस नीट चालत असेल तर तो ठेवण्यात गैर काही नाही. बदलायचा असेल तर गूगलचा ८.८.८.८, क्वाड९चा ९.९.९.९ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हे सर्वांसाठी खुले आहेत.

दुसऱ्या रकान्याविषयी मोठा गैरसमज आहे. तो रकाना पहिला बंद पडल्यावरच वापरला जाईल अशी कोणतीही हमी नसते. अनेक उपकरणे दोन्हींना मनाला येईल तसे विचारतात. मुलांसाठी नको ती संकेतस्थळे गाळणारा डीएनएस पहिल्या रकान्यात आणि साधा डीएनएस दुसऱ्यात ठेवला, तर गाळणी कधी लागते आणि कधी लागत नाही. दोन्ही रकान्यांत एकाच प्रकारची सेवा ठेवावी.

१३. कोणी मोठी फाइल चढवू लागले की व्हिडिओ कॉल अडखळतो. वेगवान लाइन घेतल्याने हे थांबेल का?

बहुधा थांबणार नाही, आणि मला सर्वांत जास्त कळकळीने सांगावेसे वाटते ते याच प्रश्नाविषयी. लाइन भरली की मोडेममध्ये पॅकेटांची रांग लागते. मोडेम ती टाकून न देता साठवत राहतो, त्यामुळे कॉलचे छोटेसे पॅकेट फाइलच्या शेकडो पॅकेटांच्या मागे उभे राहते. याला बफरब्लोट म्हणतात. वेगचाचणीतला आकडा उत्तम असतो आणि तरी माणसाचा आवाज तुटत असतो. तपासण्याची साधी रीत अशी: एका खिडकीत पिंग (छोटे पॅकेट पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजणारी आज्ञा) चालू ठेवावा, दुसरीकडे मोठी फाइल चढवावी. एरवी १५ मिलिसेकंद दाखवणारा पिंग ३०० किंवा ५०० वर गेला तर दुखणे हेच आहे.

उपाय राउटरमध्ये आहे. रांगेचे शहाणे नियमन करणाऱ्या केक आणि एफक्यू-कोडेल या पद्धती प्रत्येक जोडणीची रांग वेगळी ठेवतात आणि फार वेळ ताटकळलेली पॅकेट वेळीच टाकून देतात. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये ही सोय एसक्यूएम या नावाने मिळते. त्यात वेग मुद्दाम प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९५ टक्के ठेवावा लागतो, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता राउटरच्या ताब्यात राहते. चढत्या आणि उतरत्या दिशेचे आकडे वेगळे भरावेत. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजून जो आकडा हमखास मिळतो तो धरावा.

हे चालू केल्यावर वेग निम्म्यावर आला तर नियमन चुकले असे समजू नये. प्रोसेसर कमी पडतो आहे, आणि त्याचे कारण प्रश्न ४ मध्ये आहे. अशा वेळी फक्त चढत्या दिशेचे नियमन चालू ठेवून पाहावे. चढता वेग कमी असलेल्या लाइनवर तेवढ्यानेही कॉल पुष्कळ सुधारतात.

१४. पीपीपीओई लाइनवर बहुतेक संकेतस्थळे उघडतात, पण काही नुसती गोल फिरत राहतात. असे का?

पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट स्वतःसाठी घेते, म्हणून १५०० बाइटांऐवजी १४९२ बाइटच पुढे जाऊ शकतात. मोठे पॅकेट अडल्याचा निरोप मूळ पाठवणाऱ्याला मिळाला तर तो आकार कमी करतो. वाटेतल्या एखाद्या फायरवॉलने (नको ती पॅकेट अडवणाऱ्या पहारेकऱ्याने) तो निरोपच गिळला तर जोडणी लटकून राहते. राउटरमध्ये बाहेरच्या जोडणीचे एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ ठेवावे आणि एमएसएस क्लॅम्पिंग (टीसीपीच्या तुकड्यांचा आकार आधीच मर्यादित करण्याची सोय) चालू करावे, त्यामुळे टीसीपीच्या दोन्ही बाजू सुरुवातीलाच १४५२ बाइटांवर राजी होतात. पडताळण्यासाठी तुकडे न करण्याची अट घालून १४६४ बाइटांचा पिंग पाठवावा. आयपी आणि आयसीएमपी (पिंग आणि असे निरोप ज्यातून जातात ती पद्धत) यांच्या वेष्टनाचे २८ बाइट धरून तो नेमका १४९२ होतो. तो गेला आणि १४६५ चा अडला, तर सेटिंग बरोबर आहे.

१५. आयपीव्ही६ चालू करावे का? त्यात नॅट नसतो, मग घर उघडे पडणार नाही का?

आयपीव्ही६ ही इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत आहे. कंपनी देत असेल तर चालू करावे, विशेषतः प्रश्न १६ मधली अडचण असेल तर. घराचे रक्षण नॅटमुळे होते हा समज खरा नाही. ते फायरवॉल करते आणि आयपीव्ही६ साठीही तेच नियम हवेत: आतून सुरू झालेल्या जोडणीचे उत्तर आत येऊ द्यावे, बाहेरून सुरू झालेली जोडणी अडवावी. सोय चालू करण्याआधी राउटरमध्ये हा नियम आयपीव्ही६ लाही लागू आहे हे डोळ्यांनी पाहावे. मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली आयसीएमपीव्ही६ सरसकट बंद करू नये. आयपीव्ही६ चे वाटेत तुकडे होत नाहीत, त्यामुळे प्रश्न १४ मध्ये सांगितलेल्या निरोपावाचून त्याचे अडते.

कंपनीकडून /५६ चा पट्टा (तिरप्या रेषेनंतरचा आकडा जितका लहान तितका पट्टा मोठा) मिळाला तर घरात २५६ वेगळी नेटवर्क करता येतात. फक्त /६४ मिळाला तर नेहमीच्या पद्धतीने एकच करता येते आणि प्रश्न १८ मधल्या इतर भागांना आयपीव्ही६ मिळत नाही.

१६. पोर्ट फॉरवर्डिंगचा नियम बरोबर लिहिला आहे, तरी बाहेरून काहीच पोहोचत नाही. चूक कुठे शोधावी?

पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे बाहेरून ठरावीक क्रमांकाच्या पोर्टवर आलेली जोडणी घरातल्या एका उपकरणाकडे वळवणे; इथे पोर्ट म्हणजे केबलची जागा नव्हे, तर जोडणीचा क्रमांक. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता कोणता दिसतो तो पाहावा आणि तुमचा पत्ता दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी ताडून पाहावा. दोन्ही एकच असतील तर चूक नियमात किंवा त्या संगणकाच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये आहे. वेगळे असतील तर तुमच्या पुढे आणखी एक नॅट आहे. बाहेरच्या पत्त्याचा पहिला भाग १९२.१६८ किंवा नेमका १० असेल तर कंपनीची पेटी आधी तपासावी, प्रश्न ९ पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर कंपनी तिच्याकडेच अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवते आहे. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा वेळी घरच्या राउटरमध्ये कितीही नियम लिहिले तरी उपयोग होत नाही. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागावा, आयपीव्ही६ वापरावे किंवा घरातून बाहेरच्या एखाद्या भाड्याच्या सर्व्हरपर्यंत व्हीपीएनचा बोगदा काढावा.

केवळ स्वतःला घरी पोहोचायचे असेल तर पोर्ट उघडण्यापेक्षा राउटरवरच वायरगार्ड (व्हीपीएनचा एक प्रकार) लावणे कितीतरी चांगले. त्याचे नेहमीचे पोर्ट यूडीपी ५१८२० आहे आणि योग्य किल्ली नसलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही.

१७. बाहेरून माझा सर्व्हर उघडतो, पण घरात बसून त्याच नावाने उघडत नाही. हे उलटे कसे?

घरातले उपकरण राउटरच्या बाहेरच्या पत्त्याकडे पॅकेट पाठवते, राउटरने ते वळवून पुन्हा आत द्यायचे असते. या वळणाला नॅट लूपबॅक किंवा हेअरपिन म्हणतात आणि काही राउटरांमध्ये ते बंद असते किंवा नसतेच. चालू करता येत असेल तर करावे. त्याहून स्वच्छ उपाय म्हणजे राउटरच्या डीएनएसमध्ये त्या नावासाठी थेट आतला पत्ता लिहिणे. ज्या उपकरणांत बाहेरचा डीएनएस हाताने भरलेला आहे त्यांना मात्र याचा लाभ होणार नाही.

१८. कॅमेरे आणि टीव्ही यांना वेगळ्या नेटवर्कवर टाकले. आता फोनवरून टीव्ही दिसत नाही. परत एकत्र करावे का?

परत एकत्र करण्याची गरज नाही. व्हीलॅन करून तुम्ही योग्यच केले आहे. ज्या उपकरणांची अद्ययावत फर्मवेअर कधी थांबतील ते सांगता येत नाही, ती कामाच्या संगणकापासून दूरच असावीत. फोन टीव्हीला शोधतो तो एमडीएनएसच्या (घरातल्या उपकरणांनी एकमेकांना शोधण्याच्या पद्धतीच्या) हाकेने, आणि २२४.०.०.२५१ या पत्त्यावर दिलेली ही हाक राउटर ओलांडत नाही. राउटरमध्ये एमडीएनएस रिपीटर चालू केला की हाक दोन्हीकडे ऐकू जाते. त्यासोबत फायरवॉलचा नियम असा असावा: घरच्या मुख्य नेटवर्कमधून टीव्हीकडे जोडणी सुरू करता यावी, टीव्हीकडून मुख्य नेटवर्ककडे नाही. एखाद्या टीव्हीला उलट जोडणीही लागली तर तेवढ्या एकाच पोर्टाची मुभा द्यावी.

यासाठी मधले स्विच व्हीलॅन ओळखणारे असावे लागतात. ॲक्सेस पॉइंटलाही प्रत्येक वाय-फाय नावासाठी वेगळे व्हीलॅन लावता आले पाहिजे.

१९. जुना वाय-फाय राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून कसा वापरावा?

त्याचे डीएचसीपी बंद करावे, त्याला नव्या राउटरच्या पट्ट्यातला पण वाटपाबाहेरचा पत्ता द्यावा आणि केबल त्याच्या बाहेरच्या पोर्टला न लावता आतल्या पोर्टला लावावी. ॲक्सेस पॉइंट मोड असा पर्याय असेल तर तो निवडला की हे बहुधा आपोआप होते. डीएचसीपी बंद करायचे राहून गेले तर घरात दोन वाटपकर्ते होतात आणि काही उपकरणांचे इंटरनेट चालते, काहींचे चालत नाही, असा बुचकळ्यात टाकणारा प्रकार सुरू होतो.

२०. काल सगळे चालू होते आणि आज संपूर्ण नेटवर्क ठप्प झाले. स्विचचे सर्व दिवे एकदमच वेगाने लुकलुकत आहेत. राउटर गेला का?

राउटर बहुधा ठीक आहे. हे लक्षण लूपचे आहे: एकाच केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये गेली आहेत, किंवा दोन स्विच दोन केबलींनी जोडले गेले आहेत. सर्वांना उद्देशून पाठवलेले एक पॅकेट त्या चक्रात फिरत राहते, वाढत जाते आणि काही क्षणांत सारी क्षमता खाऊन टाकते. टेबलामागची साफसफाई झाल्यावर, मोकळे दिसणारे टोक मोकळ्या दिसणाऱ्या पोर्टमध्ये कोणीतरी चांगल्या हेतूने खोचले की असे होते. केबली एकेक करून काढाव्यात. जी काढल्यावर दिवे शांत होतात ती दोषी. एसटीपी असलेला स्विच असे चक्र ओळखून एक पोर्ट स्वतःच बंद ठेवतो, म्हणून मुख्य स्विच तरी तसा असावा.

२१. वीज गेल्यावर राउटर यूपीएसवर चालू राहतो, तरी इंटरनेट का जाते?

यूपीएसवर फक्त राउटर असतो म्हणून. ओएनटी किंवा मोडेम, राउटर, मधला स्विच आणि ॲक्सेस पॉइंट ही साखळी अखंड हवी. पीओईचा स्विच यूपीएसवर ठेवला तर ॲक्सेस पॉइंटची वीज त्यातच येते. एवढे करूनही इंटरनेट जात असेल तर तुमच्या भागातल्या कंपनीच्या उपकरणांची वीज गेलेली असते, आणि तिथे दुसऱ्या प्रकारची लाइन, उदाहरणार्थ मोबाइल नेटवर्कवरची, राउटरच्या दुसऱ्या बाह्य पोर्टला जोडणे हाच मार्ग उरतो. अशी दुसरी लाइन लावल्यास राउटरने केवळ पोर्टचा दिवा न पाहता बाहेरच्या एखाद्या पत्त्याला ठरावीक काळाने पिंग करून लाइन जिवंत आहे का ते ठरवावे, असे सेटिंग ठेवावे. ओएनटी चालू असेपर्यंत दिवा पेटलेलाच राहतो आणि राउटर मेलेल्या लाइनलाच धरून बसतो.